बावीस पडदे

बाईंना स्वतःचाच व्हिडिओ बघायची खोड लागली होती. कपडे वाळत घालताना एका हाताने चिमटे लावायच्या आणि दुसऱ्या हाताने फोन उघडून ती तीन मिनिटं पुन्हा बघायच्या. व्हिडिओत बाई सतरंजीवर मांडी घालून बसल्या आहेत, मुलं आपापल्या नादात खेळताहेत, एक मुलगा डब्यावर डबा रचतोय, आणि बाई त्याच्याकडे अशा काही शांतपणे बघताहेत की जणू जन्मात कधी कुणावर खेकसल्याच नाहीत. ही व्हिडिओतली बाई खऱ्या बाईंना फार आवडायची.

खऱ्या बाई वस्तीतल्या बालवर्गाच्या शिक्षिका. वस्ती म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या नऊ रांगा. राहणारे सगळे कुठून ना कुठून घरदार टाकून आलेले, आणि 'थोडे दिवस' म्हणता म्हणता सहा-सात वर्षं राहिलेले. बाईही त्यातल्याच. पूर्वी त्या औषधांच्या दुकानात कामाला होत्या. इथे आल्यावर लिहितावाचता येतं एवढ्याच भांडवलावर शिक्षिका झाल्या. मुलांना बसवायचं, गाणी म्हणायची, कुणी रडलं तर दटावायचं, दुपारी ज्याचं त्याला परत करायचं. पाच वर्षं हे बिनबोभाट चाललं. मग प्रशिक्षण आलं.

प्रशिक्षण अर्धं फोनवर आणि अर्धं समोरासमोर. दर आठवड्याला फोनवर एक धडा यायचा. तो बघायचा, प्रश्नांची उत्तरं द्यायची, धड्यात सांगितलंय तसं आपल्या वर्गात करायचं आणि त्याचा तीन मिनिटांचा व्हिडिओ गटावर टाकायचा. महिन्यातून एकदा मॅडम स्वतः यायच्या. या मॅडम प्रत्येक गोष्टीला "हळू, हळू" म्हणायच्या, त्यामुळे तेवीस वस्त्यांमधल्या तेवीस शिक्षिकांनी, एकमेकींना न विचारता, त्यांचं नाव हळूमॅडम ठेवलं होतं. बाई मन लावून शिकत होत्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईला कुणी शाबास म्हटलं की ती काय काय करायला तयार होते, हे ज्याला कुणी म्हटलं नाही त्यालाच कळेल.

पाचवा धडा होता मुलांना मनासारखं खेळू देण्याचा. शिक्षिकेने खाली बसायचं, गप्प राहायचं, मुलाचं बघून त्याच्या मागे मागे जायचं. बाईंनी तो मावशींना समजावून सांगितला. मावशी वर्गात मदतनीस होत्या, झाडण्यापासून नाकं पुसण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे.

"म्हणजे काहीच करायचं नाही?" मावशींनी विचारलं. "त्याचं प्रशिक्षण?"

"काही न करणं अवघड असतं, मावशी."

"मला नाही बाई जड जात."

पण जड गेलं, आणि गेलं ते शिंप्याच्या नातीमुळे.

शिंपीकाका पाण्याच्या टाकीजवळ राहायचे. गेल्या वर्षी ते या चार वर्षांच्या नातीला घेऊन आले. पोरगी बोलायची नाही. एका डब्याचं झाकण तेवढं कायम तिच्या हातात असायचं आणि ते ती जमिनीवर आपटायची, थांबून थांबून, तासन् तास. दुसरं मूल फार जवळ आलं की किंचाळायची. बाईंनी निरीक्षणाच्या वहीत तिच्या नावापुढे लिहून टाकलं होतं, 'सूचना समजत नाहीत.' अक्षर सुंदर होतं बाईंचं.

व्हिडिओ पाचच्या आत गटावर जायला हवा होता. पहिल्यांदा घेतला तेव्हा झाकणाच्या आवाजात दुसरं काही ऐकूच येईना. दुसऱ्यांदा पोरगी बरोबर मधोमध येऊन बसली आणि किंचाळली, तिच्यामुळे आणखी दोघं रडायला लागली. मावशी फोन धरून धरून कंटाळल्या. फोनची बॅटरी संपत आली होती आणि बाईंचा धीरही. त्या पोरीसमोर उकिडव्या बसल्या, तिच्या हातातलं झाकण काढून घेतलं आणि म्हणाल्या, "फोन वर धरलाय ना, तोवर तिकडे पडद्यामागे बसायचं. आवाज करायचा नाही. फोन खाली गेला की यायचं."

वर्गाच्या मागच्या बाजूला एक पडदा होता. त्याच्यामागे झाडू, बादल्या आणि फाटक्या चटया असायच्या. पोरीने बाईंकडे बघितलं, उठली आणि गेली. सूचना न समजणाऱ्या पोरीला एवढी मोठी सूचना पहिल्या झटक्यात कशी समजली, याचं नवल करायला बाईंकडे वेळ नव्हता. व्हिडिओ झकास झाला.

संध्याकाळी हळूमॅडमचा आवाज गटावर आला. "हळू, हळू बघा सगळ्यांनी. या ताईंचा चेहरा बघा. किती धीर आहे. असा वर्ग हवा." खाली बावीस जणींनी टाळ्यांची चित्रं टाकली. बाईंनी ती एक एक करून बघितली. दोन दिवसांत व्हिडिओ वस्तीतल्या फोनांवरही फिरला. त्या संध्याकाळी त्या नळावर पाणी भरायला गेल्या तेव्हा हंडा नेहमीपेक्षा हलका वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा फोटो काढायला बाईंनी फोन वर धरला. शिंप्याची नात झाकण खाली ठेवून उठली आणि पडद्यामागे जाऊन बसली.

मावशींनी बाईंकडे बघितलं. बाईंनी फोनकडे बघितलं. "हसा रे सगळे," त्या मुलांना म्हणाल्या.

इथे बाईंची बाजू घेण्यात अर्थ नाही. त्यांनी पोरीला हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी मारली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. रोज फोटो असायचा, आठवड्याला व्हिडिओ असायचा, आणि रोज ती उठून जायची. फोटो झाला की बाहेर यायची, तिला कुणी ये म्हणावं लागायचं नाही. बाईंना वाईट वाटायचं, पण सोय झाली याचं बरंही वाटायचं, आणि बरं वाटणं दरवेळी गुंजभर जास्त भरायचं.

तीन आठवड्यांनी मॅडम समोरासमोरच्या प्रशिक्षणासाठी आल्या. जवळच्या वस्त्यांमधल्या सहा शिक्षिकांना त्यांनी बरोबर आणलं होतं, बाईंचा वर्ग दाखवायला. सहाही जणी भिंतीला टेकून ओळीने बसल्या. मुलं खेळायला लागली. मॅडमनी पिशवीतून फोन काढून वर धरला, तशी शिंप्याची नात उठली, सगळ्यांच्या देखत वर्ग ओलांडून गेली आणि पडदा बाजूला करून आत नाहीशी झाली.

"ही कुठे निघाली?" मॅडमनी विचारलं.

तेव्हा खरं बोलता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. सहा जणी त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि बाईंच्या तोंडून आपोआप निघालं, "तो तिचा शांत कोपरा आहे."

शांत कोपरा तिसऱ्या धड्यात होता. मुलाला गलबला सोसेनासा झाला की त्याला हवं तेव्हा जाऊन बसता यावं अशी जागा. मॅडमचा चेहरा उजळला.

"तुम्ही जायला सांगता तिला?"

"नाही. तिची तीच जाते."

हे अक्षरशः खरं होतं, आणि बाईंना नंतर सगळ्यात जास्त लाज याच वाक्याची वाटली.

मॅडमनी पाय न वाजवता जाऊन पडदा दोन बोटं सरकवला. आत पोरगी उपड्या बादलीवर बसली होती. गुडघे जुळवलेले, हात मांडीवर. तिने मॅडमच्या हातातल्या फोनकडे बघितलं, फोन अजून वरच होता, म्हणून ती हलली नाही. "किती शांत बसलीय," मॅडम कुजबुजल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तोही व्हिडिओ घेतला. सहा जणींनी वाकून वाकून पडदा बघितला, एकीने तो वितीने मोजलासुद्धा.

पाहुण्या गेल्यावर मावशींनी झाडू शोधायला पडदा उघडला. "बाई, हा कोपरा कधी झाला हो? काल तर आपण इथे ओली फडकी टाकत होतो."

बाईंनी उपडी बादली सरळ करून ठेवली. वेळ मारून नेली होती, एवढंच. उद्या मॅडमना फोन करू आणि सगळं सांगू, असं त्यांनी ठरवलं.

उद्या मॅडमचाच फोन आला. शांत कोपऱ्याची कल्पना वरच्या साहेबांना फार आवडली होती. उरलेल्या बावीसही वर्गांत तसेच पडदे लागणार होते. कापड येत होतं आणि शिवायला वस्तीतलाच माणूस हवा होता. "आणि ताई, हळू, हळू ऐका हं. तुमचं नाव मी मार्गदर्शक म्हणून दिलंय. तुम्ही वस्त्यांमध्ये जाऊन बाकीच्यांना शिकवायचं." बाईंनी सांगायचं ते गिळलं आणि "बरं मॅडम" म्हणाल्या.

वस्तीत शिंपी एकच. तीन दिवसांनी शिंपीकाका वर्गाच्या दारात उभे राहिले. नेहमी ते नातीला सोडायचे आणि मान खाली घालून निघून जायचे, तिच्या किंचाळण्याबद्दल सगळ्या जगाची माफी मागत असल्यासारखे. त्या दिवशी मान वर होती.

"बाई, निळं कापड आलंय. चांगलं आहे. खालची पट्टी दुहेरी मारतो, म्हणजे पोरांनी ओढलं तरी उसवायचं नाही." मग ते जरा थांबले. "या पोरीचा कुणाला काही उपयोग होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. तिच्यामुळे बावीस ठिकाणी पडदे लागणार. तिच्या आईला सांगितलं मी. फार बरं वाटलं तिला."

बाईंना वाटलं, याच्यापेक्षा यांनी मुस्काटात मारली असती तर परवडलं असतं. "हो का," त्या म्हणाल्या, आणि आत कुणीही रडत नसताना, कोण रडतंय ते बघायला गेल्या.

पडदे शिवून होतील तसे वस्त्यांमध्ये जायला लागले आणि गटावर फोटो यायला लागले. निळा पडदा, बाजूला हसणाऱ्या शिक्षिका. दोन दिवस असेच फोटो. मग गुरुवारी एक फोटो आला त्यात पडद्याखाली दोन पावलं दिसत होती, अनवाणी, अंगठे आत वळलेले. खाली लिहिलं होतं, 'आमच्याकडचा एक फार त्रास देतो. आता तपासणीला कुणी आलं, व्हिडिओ घ्यायचा असला, की त्याला आत बसवते. वर्ग एकदम शांत. ताई, तुमचे उपकार.'

बाईंनी फोन पालथा घातला. पुन्हा उचलला, पुन्हा पालथा घातला. त्या शिक्षिकेने तिसरा धडा चुकीचा समजून घेतला होता असं म्हणायची सोय नव्हती. तिने बाईंचा धडा बरोब्बर समजून घेतला होता. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते बाईंना त्या दुपारी कळलं. जेवण गेलं नाही. नेहमीच्या सवयीने व्हिडिओ उघडला गेला, तर ती मांडी घालून बसलेली शांत बाई त्यांना बघवेना.

शुक्रवारी वर्ग सुटल्यावर त्या शिंपीकाकांकडे निघाल्या. एकदम खरं बोलायला निघाल्या असं म्हणायचं तर तेही खोटं. वाटेत त्यांनी एक वाक्य जुळवून ठेवलं होतं. मॅडमचा विचार बदलला, पडदे थांबवा. पडदे थांबतील, काकांना काही कळणार नाही, आणि आपलंही झाकलेलं राहील.

खोली एवढीशी. अर्धी जागा मशीनने खाल्लेली, उरलेल्या जागेत दोरीवर शिवलेले निळे पडदे टांगलेले. पोरगी जमिनीवर बसून झाकण आपटत होती.

"चौदा झाले," काका पायडलवरचा पाय न काढता म्हणाले. "बसा बाई. चांगल्या वेळेला आलात. आज तिच्या आईचा फोन येईल."

तिची आई, म्हणजे काकांची लेक, सीमेपलीकडच्या छावणीत अडकली होती. कागदपत्रांत काहीतरी कमी होतं, काय ते कुणी नीट सांगत नव्हतं. तिकडे एक फोन आणि शंभर बायका. दर शुक्रवारी प्रत्येकीला सात मिनिटं. हे सगळं काका मान खाली घालून शिवता शिवता सांगत होते, आणि बाई आपलं वाक्य कुठे घुसवावं ते बघत होत्या, तेवढ्यात फोन वाजला.

काकांनी मशीन थांबवलं आणि फोन तोंडासमोर वर धरला. पोरीने झाकण खाली ठेवलं, उठली आणि टांगलेल्या पडद्यांमागे गेली.

"बघा," काका म्हणाले. "पाच आठवडे हे असंच चाललंय. आधी फोन आला की नाक लावून बसायची त्याच्यावर. बोलत नाही, पण आई काही बोलली की झाकण आपटायची. आई बोलायची, ही आपटायची. ते त्यांचं बोलणं होतं. आता फोन वर केला की निघून जाते. ओढून आणली तर थरथरते. काय बिनसलंय काही कळत नाही."

पाच आठवडे. त्यांना मोजायची गरज नव्हती.

"बाबा, आजही नाही येत का ती?" फोनमधून आवाज आला.

"आहे इथेच. थांब, तिच्या बाई आल्यात." आणि काकांनी फोन बाईंकडे वळवला.

फोनमध्ये एक बाई होती, तिशीची असेल नसेल. केस घट्ट बांधलेले, मागे रांगेतल्या बायकांचे खांदे दिसत होते. बाईंना बघून ती एकदम सावरून बसली.

"बाई! अहो, तुमचा व्हिडिओ बाबांनी पाठवलाय मला. इथे सगळ्यांना दाखवला मी, माझ्या पोरीची शाळा म्हणून." ती हसली, आणि मग घाईघाईने म्हणाली, "बाई, एक विचारू? ती कुठे बसलीय हो त्याच्यात? माझ्या वेळेतला वेळ काढून मी थांबवून थांबवून बघितला. कडेला एक पोरगी दिसते, पण तिचे केस लांब आहेत. मला नाही सापडली."

ताप होता तिला त्या दिवशी. मागच्या ओळीत होती. फोन धरणाऱ्याकडून राहून गेली. तीन उत्तरं बाईंच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, तिन्ही बरी होती. काका कौतुकाने त्यांच्याकडे बघत होते.

"ती नाही त्याच्यात," बाई म्हणाल्या. "मी तिला पडद्यामागे बसवलं होतं. ती आवाज करत होती, माझा व्हिडिओ बिघडत होता. म्हणून मी तिला सांगितलं, फोन वर असेतो बाहेर यायचं नाही." आवाज फुटत होता, तरी थांबलं तर पुन्हा बोलता येणार नाही म्हणून त्या बोलत राहिल्या. "तेव्हापासून जाते ती. मला रोज दिसत होतं. मी तिला एकदाही बोलावलं नाही. शांत कोपरा वगैरे सगळं खोटं आहे. काका, ते पडदे खोटे आहेत."

काकांचा हात मशीनवरच्या निळ्या कापडावर होता, तो त्यांनी उचलला आणि मांडीवर ठेवला.

"किती वेळ बसवलं?" फोनमधून प्रश्न आला.

"तीन मिनिटं. तेव्हा तीन मिनिटं."

"तीन मिनिटं," पोरीची आई म्हणाली. "मला आठवड्याला सात मिळतात, बाई."

ती रागावली असती, ओरडली असती, तर बाईंना धरायला काही मिळालं असतं. ती रागावली नाही. "बाबा, फोन तिकडे करा," ती म्हणाली, "ती आहे तिकडे." काकांनी बाईंकडे न बघता फोन दोरीकडे वळवला. आई टांगलेल्या कापडाशी बोलायला लागली. तिकडे एक मांजर आहे, ते धान्याच्या पोत्यावर झोपतं, त्याला एक कान नाही. कापड हललं नाही. बाई उठल्या आणि बाहेर जाऊन पायरीवर बसल्या.

वस्तीत सगळ्यात चांगलं नेटवर्क टाकीजवळच मिळायचं. बाईंनी गट उघडला आणि बोलायचं बटण दाबलं. मघाशी सांगितलं ते सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी न रडता. पहिले दोन व्हिडिओ कसे बिघडले, पोरीला काय सांगितलं, मॅडमना काय सांगितलं. मार्गदर्शक म्हणून माझं नाव काढा. पडदे उतरवा. ज्यांनी माझं बघून कुणाला आत बसवलं असेल, त्यांचा दोष नाही, माझा आहे. तुम्हा सगळ्यांची माफी मागते. संदेश गेला. एकीने ऐकला, चौघींनी ऐकला, अकरा जणींनी. मॅडमनी ऐकल्याचं दिसलं. टाळ्यांचं चित्र कुठून येणार होतं, तरी बाई बघत बसल्या होत्या.

पहिलं उत्तर आलं ते पावलांचा फोटो टाकणाऱ्या शिक्षिकेचं. 'ताई, मग मी आता त्या मुलाला काय सांगू?'

बाईंनी लिहिलं, 'त्याची माफी मागा. त्याला कळतं.'

पाठवून झाल्यावर त्या स्वतःच्याच शब्दांकडे बघत राहिल्या. पोरीच्या आईला सांगून झालं होतं, काकांना झालं होतं, बावीस जणींना आणि मॅडमना झालं होतं. आत मशीन अजून सुरू झालं नव्हतं. बाईंनी फोन पायरीवरच ठेवला आणि त्या उठून परत आत गेल्या.